हाडवैद्याची लाथ, शल्यवैद्याचे बहात्तर तास

हिंदीत डब केलेले कुंग-फूपट टीव्हीवर पाहत मोठ्या झालेल्या पिढीला जॅकी चॅनचा 'ड्रंकन मास्टर' आणि जेट लीचा 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' हे दोन्ही चित्रपट ओळखीचे असतात. पहिल्यातला नायक उनाड, कामचुकार, बापाचा मार चुकवत गावभर हिंडणारा पोरगा. दुसऱ्यातला मोजके बोलणारा, परक्या सत्तांपुढे ताठ उभा राहणारा गुरू. ही दोन्ही पात्रे म्हणजे एकच माणूस आहे, हे मात्र बहुतेकांच्या लक्षात येत नाही. तो माणूस खरोखर होऊन गेला. त्याचे नाव वाँग फेइहुंग. त्याच्यावर आजवर शंभराहून अधिक चित्रपट निघाले आहेत.

चीनने आपला मानलेला एक माणूस सोलापूरनेही दिला आहे : डॉ. द्वारकानाथ कोटणीस. त्यांच्यावर व्ही. शांताराम यांनी १९४६ साली चित्रपट काढला. कोटणीसांच्या आयुष्याच्या तारखा, सहकारी, पत्नी, मुलगा, मृत्यूचे कारण या सगळ्यांची नोंद आहे. तरीही पडद्यावर जे आले, ते घडले तसे आले नाही.

वाँग यांच्याबद्दल माहिती तुटपुंजी, कोटणीसांबद्दल भरपूर. मग दोघांच्याही गोष्टी पडद्यावर का बदलल्या? ऐतिहासिक चित्रपट माणसाचे काय करतो, हे या दोघांना शेजारी ठेवले की नीट कळते. त्यातही एक योग असा, की दोघेही मूळचे रुग्ण बरे करणारे.

वाँग फेइहुंग कोण होते?

दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग प्रांतात, फोशान परिसरात त्यांचा जन्म झाला. जन्मसालावर एकमत नाही; बहुतेक ठिकाणी १८४७ असे सापडते. वडील वाँग केइ-यिंग हेही नावाजलेले युद्धकलातज्ज्ञ. 'कॅंटनचे दहा वाघ' म्हणून जे दहा लढवय्ये गाजले, त्यांत वडिलांचे नाव घेतले जाते. मुलगा वडिलांकडेच शिकला. त्यांची पद्धत 'हुंग गार' नावाची. पाय रुंद रोवून, कंबर खाली घेऊन जमिनीला चिकटून लढायचे आणि हाताच्या पुढच्या भागाने समोरच्याचा वार अडवायचा, ही तिची ओळख.

पण त्यांचे पोट चालत होते ते औषधोपचारावर. कॅंटन शहरात, म्हणजे आजच्या ग्वांगझोऊमध्ये, 'पो ची लाम' हा त्यांचा दवाखाना होता. मोडलेली हाडे बसवणे, उतरलेले सांधे जागेवर आणणे, मुका मार आणि जखमांवर लेप व काढे देणे हे तिथले काम. आपल्या भाषेत सांगायचे तर ते हाडवैद्य होते. यात नवल नाही. रोज अंगावर मार घेणाऱ्याला शरीराची जोडणी ठाऊक असावीच लागते. आपल्याकडच्या तालमींतही हाड बसवणारे वस्ताद होऊन गेले.

१९२४ साली कॅंटनमध्ये व्यापाऱ्यांचे सशस्त्र दल आणि सरकार यांच्यात चकमकी झाल्या, शहराचा पश्चिम भाग पेटला आणि त्यात पो ची लाम जळाला. या धक्क्यानंतर आजारी पडलेले वाँग काही महिन्यांतच वारले. दवाखान्याबरोबर त्यांच्या आयुष्याच्या बऱ्याचशा खुणाही गेल्या.

कागद कमी, गोष्टी फार

माणूस गेला, कागद जळाले. पण शिष्य उरले. त्यांतले लाम साय-विंग हे महत्त्वाचे. ते डुकराचे मांस विकणारे खाटीक. पुढे त्यांनी हुंग गारच्या डावांवर पुस्तके काढली आणि हाँगकाँगमध्ये शिष्य तयार केले. १९३० च्या दशकात वृत्तपत्रांतून वाँग यांच्यावरच्या कथा क्रमशः येऊ लागल्या. चू यू-चाय या लेखकाच्या कथा त्यांत गाजल्या. ऐकीव माहिती, शिष्यांच्या आठवणी आणि लेखकाची कल्पना यांच्यातली सीमा वाचकाला दिसणे शक्य नव्हते, आणि त्याला ती नकोही होती.

मराठी वाचकाला हे परके वाटू नये. तुळशीदास शाहिराने तानाजींचा पोवाडा रचला, अज्ञानदासाने अफजलखानवधाचा. बखरी आणि पत्रे जिथे दोन ओळींत आटोपतात, तिथे शाहीर ऐकणाऱ्याला प्रसंगासमोर उभे करतो : कोण काय बोलले, कोणाचा हात कुठे गेला, घरचे काय म्हणाले. लोकनायक घडण्याचा पहिला नियम इथेच दिसतो. नाव ठळक हवे आणि तपशील विरळ हवा. नाव ठळक नसेल तर कोणी ऐकत नाही. तपशील दाट असेल तर सांगणाऱ्याला जागा उरत नाही.

१९४९ साली हाँगकाँगमध्ये वाँग यांच्यावरचा पहिला चित्रपट आला. दिग्दर्शक वू पांग, नायक क्वान ताक-हिंग. क्वान मूळचे कॅंटोनीज संगीतनाटकातले नट. चीनमधल्या यादवीतून पळालेले हजारो लोक त्या काळात हाँगकाँगमध्ये आसरा शोधत होते. त्यांतल्या अनेकांची भाषा कॅंटोनीज आणि मागे सुटलेले शहर कॅंटन. त्यांच्या बोलीत, त्यांच्याच गल्ल्यांत वावरणारा हा गुरू पडद्यावर दिसला आणि मालिकाच सुरू झाली. एकट्या १९५६ सालात वाँग फेइहुंगवर २५ चित्रपट निघाले, म्हणजे महिन्याला दोन.

तोच ताणा, निराळी कार्डे

एकाच माणसाच्या इतक्या तऱ्हा कशा होतात, हे सोलापूरच्या मागावर चटकन समजते. जॅकार्ड मागावर चादर विणताना उभे धागे, म्हणजे ताणा, आधीच ताणून बसवलेला असतो. नक्षी ठरते ती वर फिरणाऱ्या, भोके पाडलेल्या कार्डांच्या माळेवर. भोक असेल तिथला उभा धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. मधून आडवा धागा सरकतो. ताणा तोच ठेवून कार्डांची माळ बदलली, की फुलाच्या जागी मोर उमटतो.

वाँग यांच्या गोष्टीत ताणा म्हणजे चार-पाच पक्क्या बाबी : कॅंटन, पो ची लाम, हुंग गार, वडील, शिष्य. कार्डे त्या त्या काळाने घातली.

१९५० च्या दशकात क्वान ताक-हिंग यांचा वाँग हा संयमी वडीलधारा आहे. तो आधी समजावतो, अपमान गिळतो, शिष्यांना हात उगारू देत नाही आणि अगदी शेवटी लढतो. घर-गाव सुटलेल्या प्रेक्षकाला जुन्या शिस्तीचा आधार हवा होता.

१९७८ साली युएन वू-पिंग यांच्या 'ड्रंकन मास्टर'मध्ये हाच वाँग खोडकर पोरगा झाला. तोवर हाँगकाँग कारखान्यांचे, गर्दीचे, तरुणांचे शहर झाले होते. उपदेश करणाऱ्या गुरूपेक्षा मार खात शिकणारा शिष्य त्यांना जवळचा वाटला.

१९९१ साली त्सुई हार्क यांनी जेट लीला घेऊन 'वन्स अपॉन अ टाइम इन चायना' काढला. यात एकोणिसाव्या शतकातला चीन आहे : बंदरात परदेशी जहाजे, रस्त्यावर परदेशी बंदुका, मजुरांना फसवून समुद्रापार नेणारे दलाल. वाँगपुढचा प्रश्न कोणाला हरवायचे एवढाच नाही. तलवार आणि मूठ यांचा बंदुकीपुढे काय उपयोग, हाही आहे. हाँगकाँग १९९७ मध्ये चीनकडे जाणार हे ठरलेले होते. आपण नक्की कोण, हा प्रश्न थिएटरात बसलेल्यालाही पडलेला होता. नायकाची मैत्रीण 'तेरावी मावशी' परदेशातून शिकून, कॅमेरा घेऊन येते. ती पूर्णपणे काल्पनिक आहे, पण त्या प्रश्नासाठी तिची गरज होती.

लाथ हवेत कशी थांबते?

या चित्रपटांतल्या लढतींचे तंत्रही समजून घेण्यासारखे आहे, कारण इतिहास बदलण्यात तंत्राचाही हात असतो.

पहिली पायरी खऱ्या कलेची. जुन्या वाँगपटांत हुंग गार शिकलेले लोक प्रत्यक्ष काम करत. लाम साय-विंग यांचे शिष्य लाऊ चाम त्या चित्रपटांत दिसत. त्यांचा मुलगा लाऊ कार-लिउंग पुढे नामांकित लढत-दिग्दर्शक झाला. वाँग, लाम साय-विंग, लाऊ चाम, लाऊ कार-लिउंग : अंगातली विद्या गुरूकडून शिष्याकडे येत चौथ्या पिढीत थेट कॅमेऱ्यासमोर पोहोचली. इतिहासाचा असा जिवंत पुरावा क्वचितच पडद्यावर येतो.

दुसरी पायरी निवडीची. हुंग गारची खरी लढत आखूड, ठाशीव आणि जमिनीलगतची. कॅमेऱ्याला लांब, उंच आणि फिरती हालचाल आवडते, कारण ती लांबूनही वाचता येते. जेट ली बीजिंगच्या वुशू संघात घडलेला खेळाडू. त्याची तालीम उंच उड्या आणि लांब लाथा असलेल्या उत्तरेकडच्या शैलींची. त्यामुळे १९९१ चा वाँग ज्या ढंगाने लढतो, तो बराचसा खऱ्या वाँग यांचा नव्हेच.

तिसरी पायरी तारेची. नटाच्या कपड्यांआड कमरेला मजबूत पट्टा बांधतात. त्याला बारीक पोलादी तारा जोडून त्या वरच्या कप्पीवरून मागे नेतात आणि तिथे माणसांचा चमू त्या एका तालात ओढतो. तारा कमरेलाच का? शरीराचा तोल सांभाळणारा मध्यबिंदू तिथे जवळ असतो. तिथून उचललेला माणूस हवेत सहज वळू शकतो. खांद्यातून उचलला तर नुसता लोंबकळतो. तारांना रंग देऊन आणि प्रकाश-कोन सांभाळून त्या लपवतात.

चौथी पायरी वेगाची. नेहमीचा कॅमेरा सेकंदाला २४ चित्रे टिपतो आणि पडद्यावरही तेवढीच दाखवली जातात. लढतीच्या वेळी कॅमेरा २० चित्रांवर आणला, तर एका सेकंदात केलेली हालचाल पडद्यावर सुमारे ०.८३ सेकंदात उरकते. डोळ्याला लबाडी जाणवत नाही, हात मात्र विजेसारखा वाटतो. फरक फार वाढवला की हालचाल मूकपटातल्या विनोदासारखी दिसू लागते. म्हणून हे प्रमाण हात राखून वापरावे लागते.

पाचवी पायरी कात्रीची. ठोसा एका चित्रणात निघतो आणि दुसऱ्यात लागतो. मधला क्षण प्रेक्षक मनातच भरतो. वर आवाज चढवला की वार बसल्याची खात्री पटते. नटाचा बदली कलाकारही याच फटीतून आत येतो. १९९१ च्या चित्रपटाच्या शेवटी गोदामात शिड्यांवर होणारी लढत प्रसिद्ध आहे. चित्रीकरणादरम्यान जेट लीला दुखापत झाल्यामुळे तिच्यातला काही भाग बदली कलाकारांनी केला आहे.

म्हणजे पडद्यावरची एक लाथ ही नट, तार ओढणारे, कॅमेरामन, संकलक आणि बदली अशा अनेकांनी मिळून मारलेली असते. अंगाने केलेली कृती या यंत्रणेत उत्तम बसते. आता प्रश्न असा, की ज्याचे काम बाहेरून दिसतच नाही, त्याचे काय होते?

सोलापूरचे कोटणीस

द्वारकानाथ शांताराम कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात झाला. वैद्यकीय शिक्षण मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात. १९३७ साली जपानने चीनवर मोठे आक्रमण केले. चिनी सेनानी झू दे यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली आणि १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केले. पाच डॉक्टरांचे पथक ठरले : अलाहाबादचे अटल, नागपूरचे चोळकर, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी, सोलापूरचे कोटणीस.

१ सप्टेंबर १९३८ रोजी पथक मुंबईहून बोटीने निघाले आणि १७ सप्टेंबरला कॅंटनला उतरले. ज्या शहरात वाँग यांचा पो ची लाम १४ वर्षांपूर्वी जळाला होता, तेच हे शहर. महिनाभरानंतर, २१ ऑक्टोबरला, ते जपान्यांच्या ताब्यात गेले. तोवर पथक पुढे सरकले होते. चोंगचिंगला असताना कोटणीसांना वडील गेल्याची बातमी मिळाली; ते परतले नाहीत. १९३९ च्या सुरुवातीला पथक येनानला पोहोचले. पुढे एकेक डॉक्टर मायदेशी आला. कोटणीस चिनी कम्युनिस्टांच्या आठव्या मार्ग सेनेबरोबर उत्तर चीनच्या डोंगराळ आघाडीवर राहिले.

१९४० मधल्या एका लढाईत त्यांनी झोप न घेता सलग ७२ तास शस्त्रक्रिया केल्या आणि त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून याच आघाडीवर १९३९ मध्ये वारले होते. शस्त्रक्रिया करताना त्यांच्या बोटाला जखम झाली आणि विष अंगात भिनले. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. त्याच वर्षी त्यांनी तिथल्या परिचारिका ग्वो चिंगलान यांच्याशी लग्न केले. पुढच्या वर्षी मुलगा झाला. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. त्यांची समाधी आज षिज्याझुआंगच्या हुतात्मा उद्यानात आहे आणि सोलापुरात भैय्या चौकात त्यांचे स्मारक आहे.

प्लेग कुठून आला?

ख्वाजा अहमद अब्बास यांनी परतलेल्या डॉ. बसूंकडून हकिगत ऐकून कोटणीसांवर पुस्तक लिहिले. अब्बास आणि व्ही. पी. साठे यांनी त्यावरून पटकथा केली आणि राजकमल कलामंदिराने 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीसांच्या भूमिकेत स्वतः शांताराम, ग्वो चिंगलान यांच्या भूमिकेत जयश्री, संगीत वसंत देसाई.

चित्रपटात कोटणीस प्लेगच्या साथीशी झुंजतात, जपान्यांच्या हाती सापडतात आणि निसटतात. त्यांच्या जीवघेण्या आजाराचे मूळही या साथीतच नेऊन ठेवले आहे. नोंदींतले कोटणीस मात्र गेले ते अपस्माराने. ७२ तासांची शस्त्रक्रिया ज्याच्या नावावर आहे, त्याला आणखी पराक्रम जोडावा असे का वाटले?

कारण पडद्यावरच्या गोष्टीला तीन आधार लागतात : समोर दिसणारा शत्रू, संपत जाणारी मुदत आणि नायकाने घेतलेला निर्णय. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी यांतले काहीच डोळ्याला दिसत नाही. पहिल्या तासाचे चित्र आणि सत्तराव्या तासाचे चित्र जवळजवळ सारखेच : वाकलेली मान, हात, रक्त, पुढचा जखमी. बेथून यांचा जीव घेणारी जखम तर बोटाएवढी. अपस्मार आतून उठतो. त्याच्याशी लढताना नायक दाखवता येत नाही. प्लेग आला की शत्रू मिळाला, मुदत मिळाली, औषध शोधण्याचा निर्णय मिळाला, आणि मृत्यूला कारण मिळाले.

काळाचेही कार्ड होतेच. कोटणीस काँग्रेसच्या हाकेवरून गेले होते, त्यामुळे राष्ट्रवादी प्रेक्षकाला ते आपले वाटत. आणि ते ज्यांच्याविरुद्ध उभे होते, ते जपानी इंग्रजांचेही शत्रू होते. त्या वर्षांत इतक्या जणांना एकाच वेळी चालेल असा नायक दुर्मीळ होता.

चौकट : थोडक्यात

• लोकनायक घडायला ठळक नाव आणि विरळ तपशील लागतो. उरलेली जागा कथाकार, शाहीर आणि चित्रपट भरतात.
• प्रत्येक काळ त्याच माणसात आपला प्रश्न विणतो. म्हणून १९५६, १९७८ आणि १९९१ चे वाँग निराळे.
• पडद्यावरची लढत ही खरी विद्या, तार, कॅमेऱ्याचा वेग आणि संकलन यांची बेरीज असते.
• कृती दिसत नसेल तर चित्रपट कृती जोडतो. कोटणीसांच्या गोष्टीत प्लेग आणि कैद अशीच आली.
• ज्याच्या नोंदी पक्क्या, त्याची मालिका होत नाही. पण त्याच्यावरचा चित्रपट पडताळून पाहता येतो.

श्रम दाखवता येतात

वाँग यांच्यावर शंभराहून अधिक चित्रपट आणि कोटणीसांवर मोजकेच, यात कोणाची थोरवी कमी-जास्त ठरत नाही. कोटणीसांमागे सहकाऱ्यांच्या दैनंदिन्या, पत्नीच्या आठवणी, रुग्णालयाच्या नोंदी आणि दोन देशांची टपाल तिकिटे आहेत. इतक्या कागदांत कथाकाराला फार हातपाय पसरता येत नाहीत. शिवाय वाँग यांच्या शिष्यांनी विद्या अंगात वाहून कॅमेऱ्यापर्यंत आणली. शल्यविद्येची अशी परंपरा चित्रनगरीत नसते.

तरीही 'सेवा पडद्यावर दिसत नाही' ही सबब पूर्णपणे मान्य करण्याचे कारण नाही, आणि ती खोडणारा पुरावा कुंग-फूपटांतच आहे. 'ड्रंकन मास्टर'चा मोठा भाग लढतींचा नसून सरावाचा आहे. नायक उलटा टांगलेला आहे. खालच्या बादलीतले पाणी छोट्या पेल्यांनी उचलून वरच्या बादलीत ओततो आहे. पुन्हा, पुन्हा आणि पुन्हा. शत्रू नाही, लाथ नाही, नुसता श्रम आहे. आणि प्रेक्षक डोळे लावून बसतो, कारण दर फेरीला शरीरात काय बदलते आहे ते त्याला दाखवले जाते : हात थरथरणे, श्वास तुटणे, मग हळूहळू लय सापडणे.

१९४६ च्या हिंदी चित्रपटाकडे हे व्याकरण नव्हते. आज ते आहे. कोटणीसांचे ७२ तास त्या व्याकरणात चित्रित केले, तर शल्यवैद्याचे हात कुठल्याही लाथेइतकेच पकड घेतील आणि प्लेगची उसनवारी करावी लागणार नाही. सोलापूरच्या या माणसावर पुन्हा कोणी चित्रपट काढायला घेतला, तर घोडे, तोफा आणि जपानी तुकड्यांचा खर्च मांडण्याआधी त्याने तीन दिवस न झोपलेला माणूस सुई कशी धरतो, याचा अभ्यास करावा.